फ्रँकफर्ट ते डब्लिन: अकरा परवचे

एर्लांगेनच्या आमच्या प्रयोगशाळेत चहा किती वेळ मुरवायचा हे घड्याळ ठरवत नसे, सर ठरवत. किटलीत उकळतं पाणी पडलं की ते हात पाठीमागे बांधून तिच्यासमोर उभे राहायचे, डोळे अर्धे मिटायचे आणि ओठ हलायला लागायचे. बे एके बे, बे दुणे चार. दहाचा पाढा संपला की डोळे उघडून फर्मान सुटायचं, "पिशव्या काढा!" बरोबर तीन मिनिटं झालेली असायची. अंडं अर्धवट उकडायचं असेल तर बे ते चौदा. एकदा इमारतीत आगीचा सराव झाला, तेव्हा सगळी जर्मन मंडळी खाली मैदानात आपापल्या घड्याळांवरून वाद घालत उभी होती आणि सर शांतपणे म्हणाले, "एकोणीस नव्वेपर्यंत सगळे बाहेर आले. वाईट नाही."

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. पुण्याहून नुकतीच आले होते आणि रुग्णालयांत लागणाऱ्या मोठाल्या यंत्रांच्या विभागात काम करत होते. सर त्याच विभागातले ज्येष्ठ मराठी इंजिनिअर, माझ्याहून निदान पंचवीस वर्षांनी मोठे. उंच, किडकिडीत, चालताना किंचित पुढे कललेले, जणू आपल्या नाकाला कुठेतरी आधी पोहोचायचं आहे. मनगट रिकामं. पहिल्याच दिवशी मी आगाऊपणा केला.

"सर, घड्याळ घरी विसरलात?"

"घड्याळ दुसऱ्यानं बनवलेलं असतं," ते म्हणाले. "पाढे आपले असतात."

लहानपणी तिन्हीसांजेला हातपाय धुऊन आपण सगळ्यांनीच परवचा म्हटलेला असतो. बे ते तीस, एका दमात. आपण मोठे होतो, विसरतो, आणि सतरा आठे किती विचारलं की खिशातला फोन काढतो. सरांनी मात्र त्या परवच्याचं घड्याळ करून टाकलं होतं. त्यांचा एक परवचा म्हणजे बरोबर दहा मिनिटं.

यावर विश्वास बसत नसेल तर तुम्ही योखेनच्या पंगतीला बसा. योखेन हा आमच्या विभागातला मोजमापाची उपकरणं तपासणारा माणूस. जर्मन माणसाला एखादी गोष्ट अचूक आहे असं सांगितलं की तो कौतुक करत नाही, स्टॉपवॉच आणतो. योखेननं सरांना नऊ वेळा परवचा म्हणायला लावला. उपाशीपोटी, जेवल्यावर, चार जिने चढून आल्यावर, आणि एकदा तर एका पायावर उभं करून. फरक निघाला दोन सेकंदांचा. "गेनाऊ!" अचूक! असं ओरडून योखेननं तपासणीचा रीतसर प्रोटोकोल लिहिला, खाली सही ठोकली, आणि तपासलेल्या उपकरणांवर चिकटवतात तो हिरवा स्टिकर सरांच्या ओळखपत्रावर लावून दिला. वर्षभरानं स्टिकरची मुदत संपली तेव्हा सर स्वतःहून फेरतपासणीला गेले. फेरतपासणीतही उत्तीर्ण.

पण सरांची खरी कीर्ती झाली ती विमानांमुळे.

यंत्रं बसवण्याच्या निमित्तानं ते युरोपभर उडायचे, आणि प्रत्येक उड्डाणात चाक जमिनीवरून सुटलं की परवचा सुरू, चाक टेकलं की बंद. आकडा वहीत. त्यामुळे फ्रँकफर्टपासून इंगोलश्टाटपर्यंतची तमाम मराठी मंडळी सहलीचा बेत ठरला की त्यांना फोन करायची. एकदा मी त्यांच्या घरी असताना इंगोलश्टाटच्या गाड्यांच्या कारखान्यातल्या एका इंजिनिअरचा फोन आला. सरांनी तो स्पीकरवर टाकला, कारण त्या वेळी ते भेंडी पुसत होते.

"सर, फ्रँकफर्ट-रोम किती?"

"कशासाठी?"

"सासू-सासरे आलेत. दाखवून आणावं म्हणतो."

"हवेतून साडेनऊशे किलोमीटर. नऊ परवचे, आणि वर दहाच्या पाढ्यापर्यंत."

"पण तिकिटावर एक तास पन्नास मिनिटं लिहिलंय."

"लग्नपत्रिकेवर जेवणाची वेळ लिहिलेली असते. त्या वेळेला कधी जेवलायस?"

पलीकडे तिकीट पुन्हा उलगडल्याचा आवाज आला.

"अरे, दारापासून धावपट्टीपर्यंत घरंगळत जातं ते विमान नसतं, बस असते. बसचा वेळ विमानाच्या नावावर मांडायचा नाही. चाक सुटलं की प्रवास सुरू, टेकलं की संपला. आणि सासऱ्यांना खिडकी दे. सासूबाईंना मधली दिलीस तर नऊ परवचे तुला नव्वद वाटतील."

व्हिएन्ना साडेसहा परवचे. लिस्बन सोळा. पश्चिमेकडे जाताना वारा तोंडावर येतो म्हणून थोडं जास्त, येताना पाठीवर म्हणून कमी, हा हिशेबही त्यांच्याकडे तयार. या बाबतीत ते पाच सेकंदांचीही सूट कुणाला देत नसत, स्वतःलाही नाही. आणि या हट्टापायीच त्यांच्या घरात मोठा पेचप्रसंग उभा राहिला.

सरांची पत्नी, म्हणजे आमच्या काकू, ऑटोबानवर एकशे साठच्या वेगानं गाडी हाकायच्या. घरमालकाला पायऱ्यांच्या साफसफाईवरून असं काही झापायच्या की तो बिचारा त्यांच्या आधी उठून जिना पुसायचा. पण विमान म्हटलं की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. "गाडीला ब्रेक असतो, तो मला दिसतो," त्या म्हणायच्या. "विमानाचा ब्रेक दाखवा, आत्ता चढते." भारतात जाताना त्या डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी घेऊन चढायच्या आणि मुंबईला डोळे उघडायच्या. मधल्या आठ तासांशी त्यांचा संबंध नसे.

आणि त्या वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी डब्लिनला गरोदर राहिली. पहिलंच बाळंतपण. मुलगी एर्लांगेनमध्येच वाढलेली, जावई तिकडचा, आणि तिच्या सासूला तूपमेथीच्या लाडवांतलं ओ की ठो कळत नव्हतं. काकूंना जायलाच हवं होतं. आगगाडी आणि बोट असा रस्ता होता, पण तो दीड दिवसाचा, आणि बोटीची भीती विमानाहून सव्वापट. गोळी घ्यावी तर ती आठ तासांची आणि प्रवास दोन तासांचा. काकूंना डब्लिनच्या विमानतळावर स्ट्रेचरवरून उतरवावं लागलं असतं.

मुलीनं युक्ती केली. तिनं तिकीट काढून पाठवलं आणि फोनवर नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये म्हणाली, "मामा, नुअर आइनं श्टुंडं!" आई, फक्त एक तास! काकूंनी चष्मा लावून तिकीट वाचलं. फ्रँकफर्ट, सकाळी दहा पाच. डब्लिन, सकाळी अकरा पाच. खरंच एक तास! काकू हरखल्या. "एवढंच? मग एक तास काय, डोळे मिटून काढीन मी." त्यांनी मेथ्या भिजत घातल्या.

इथे कुठलाही सुज्ञ नवरा गप्प बसला असता.

"अगं, तिथलं घड्याळ एक तास मागे असतं," सर म्हणाले. "खरे दोन तास. त्यातले हवेतले अकरा परवचे."

काकूंनी परतीचं पान पाहिलं. डब्लिन, अकरा पन्नास. फ्रँकफर्ट, दोन पंचावन्न.

"आणि येताना तीन तास?"

"येताना उलट कमी. दहाच परवचे. वारा पाठीवर असतो."

"म्हणजे एक तास लिहिलंय तिथे दोन, आणि तीन लिहिलंय तिथेही दोन?" काकू कडाडल्या. "ज्यांना साधी वेळ सांगता येत नाही, त्यांच्या विमानात मी बसू?"

आणि त्यांनी तिकिटाचे चार तुकडे केले. ते संगणकावर छापलेलं तिकीट होतं. सरांनी पुन्हा छापलं, काकूंनी पुन्हा फाडलं. त्या आठवड्यात आमच्या विभागाच्या प्रिंटरमधून ते एकच तिकीट सहा वेळा बाहेर पडलेलं मी स्वतः पाहिलं. सगळ्या मराठी बायका सरांवर चिडल्या. "एक तास लपवला असता तर काय बिघडलं असतं?" मीही विचारलं.

"कुठे लपवणार?" ते खरोखरच विचारात पडून म्हणाले. "तो दोन्हीकडून दिसतो."

मुलगी फोनवर रडायला लागली. पहिल्यांदाच मराठीत रडली, असं काकू सांगायच्या. "आई, तू नाही आलीस तर मी कुणाला विचारू?" हे ऐकल्यावर सर उठले, काकूंसमोर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी प्रस्ताव मांडला. काकूंनी डोळे मिटून त्यांचा हात धरायचा. ते कानाशी परवचा म्हणतील. अकरावा परवचा संपायच्या आत चाक जमिनीला टेकलेलं असेल. जमिनीला टेकल्याशिवाय डोळे उघडायचेच नाहीत.

काकूंनी स्वयंपाकघरातल्या कुकरकडे पाहिलं. त्या घरात कुकर कधी बंद करायचा हे लग्नापासून सरांचा परवचा ठरवत आला होता, आणि डाळ एकदाही कच्ची राहिली नव्हती.

"तुमच्यावर माझा विश्वास नाही," काकू म्हणाल्या. "परवच्यावर आहे. पण अकरा म्हणजे अकरा. बारावा लागला तर मी तिथेच उठून दार उघडीन. नाहीतर डब्लिनलाच राहीन, कायमची. पुन्हा मला विमानात घालायचं नाही. कबूल?"

"कबूल," सर म्हणाले, आणि मला वाटतं तेव्हा त्यांना पहिल्यांदा घाम फुटला.

योगायोगानं त्याच दिवशी मला डब्लिनच्या एका रुग्णालयात यंत्र तपासायला जायचं होतं. सरांनी माझी जागा त्यांच्या रांगेत करून घेतली. "खिडकीशी तू, मध्ये ती, कडेला मी," ते म्हणाले. "पळायला जागाच नको."

आदल्या रविवारी त्यांच्या दिवाणखान्यात रंगीत तालीम झाली. जेवणाच्या तीन खुर्च्या एका ओळीत, आंघोळीच्या गाउनचे पट्टे कमरेला, आणि मी मध्येच उठून हवाई सुंदरी होऊन सफरचंदाचा रस वाटत होते. सर विमानाचा आवाजही काढत होते, पण त्यामुळे परवचा बिघडायला लागला, म्हणून ते काम कपडे वाळवायच्या यंत्राला दिलं. ते चालू केलं आणि पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरची म्हातारी वर आली. रविवारी असली यंत्रं चालवायची नाहीत, हा त्या इमारतीचा नियम. तिनं दारातून तीन खुर्च्या, गाउनचे पट्टे आणि डोळे मिटलेल्या काकूंना पाहिलं.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', ती म्हणाली, "कुठे निघालात?"

"डब्लिन," काकू डोळे न उघडता म्हणाल्या.

म्हातारीनं चौथी खुर्ची ओढली आणि शेवटपर्यंत बसली. तीही फार दिवसांत कुठे गेली नव्हती. अकराव्या परवच्याला तीस दाहे तीनशे झालं तेव्हा काकूंनी डोळे उघडले, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

प्रत्यक्ष दिवशी सगळं तालमीप्रमाणे झालं. काकूंनी डोळे मिटले ते फ्रँकफर्टच्या सुरक्षा तपासणीलाच, त्यामुळे त्यांना हाताला धरून बुटांसकट पार करताना आमची तारांबळ उडाली. विमान धावलं, नाक वर झालं, चाक सुटलं, आणि सरांनी काकूंच्या कानाशी तोंड नेलं. बे एके बे.

पहिला परवचा, दुसरा, पाचवा. काकूंनी माझा हात असा आवळला होता की माझी बोटं पांढरी पडली होती. समोरच्या ओळीतल्या एका बाईंना वाटलं की प्रार्थना चालू आहे. त्यांनी वळून पाहिलं आणि आदरानं आवाज खाली केला. आठवा परवचा, नववा. खाली समुद्र आला, गेला. दहाव्या परवच्यात हिरवं काहीतरी दिसलं आणि मी मनात म्हटलं, वा सर!

अकरावा सुरू झाला. बे, तीन, चार. आणि पंधराच्या पाढ्याला माझ्या खिडकीतून एक दीपस्तंभ गेला. एकोणिसाच्या पाढ्याला तोच दीपस्तंभ पुन्हा गेला. पंचविसाच्या सुमारास तो तिसऱ्यांदा आला आणि विमानाचा एक पंख त्याच्याकडे कलला. मी सरांकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं होतं.

तेवढ्यात वैमानिकाचा आवाज आला. "माइनं डामन उंड हेरन..." सभ्य स्त्री-पुरुषहो! आणि काकूंना जर्मन उत्तम कळत होतं. सरांनी आवाज चढवला. "पंचवीस चोक शंभर! पंचवीस पंचे एकशे पंचवीस!" मला काय सुचलं कोण जाणे, मीही त्यांच्यात सामील झाले. आम्ही दोघं गावच्या शाळेतल्यासारखे सूर लावून ओरडत होतो, आणि त्या ओरडण्याखाली वैमानिक बिचारा सांगत होता की डब्लिनला दाट धुकं आहे, पुढे बरीच विमानं आहेत, आपल्याला घिरट्या घालाव्या लागतील, अर्धा तास किंवा जास्तही. अख्खं विमान आमच्याकडे बघत होतं. काकूंच्या कानात पंचवीस दाहे अडीचशेशिवाय काही गेलं नाही.

घोषणा संपली. मी गप्प झाले. सर एकटेच पुढे निघाले. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. आता उरले फक्त दोन पाढे, चाळीसएक सेकंद. तिकडे दीपस्तंभ चौथ्यांदा. काकूंच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू यायला लागलं होतं, परीक्षेची शेवटची पाच मिनिटं उरलेल्या मुलीसारखं. वेग कमी करावा? सरांना ते येत नव्हतं. त्यांची जीभ दहा मिनिटांचीच बनलेली होती. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. सरांच्या कपाळावर घामाचे थेंब. एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर.

त्यांनी दीपस्तंभाकडे पाहिलं, मग काकूंच्या मिटलेल्या डोळ्यांकडे.

"एकोणतीस सत्ते दोनशे चार."

काकूंचे डोळे खाडकन उघडले.

"काय म्हणालात?"

"दोनशे... चार."

"तीन!" काकू ओरडल्या. "दोनशे तीन! अहो, चुकलात! चुकलात तुम्ही!"

अठ्ठावीस वर्षं त्या कुकरशेजारी उभ्या राहून तो परवचा ऐकत होत्या. अठ्ठावीस वर्षं त्यांना या माणसाची एक, फक्त एक चूक हवी होती. ती त्यांना आयर्लंडच्या आकाशात मिळाली. त्यांनी माझा हात सोडला आणि चक्क टाळी वाजवली.

"ऐकलंस ना गं? तू साक्षीदार आहेस! आता नियम माहितीये ना? चुकलं की बे पासून. चला, हा अकरावा धरायचा नाही. पहिल्यापासून म्हणा."

"बे एके बे," सर पडेल आवाजात म्हणाले.

हवाई सुंदरी धावत आली. "आलेस इन ओर्डनुंग?" सगळं ठीक ना?

"नाइन!" काकू आनंदानं ओरडल्या. "एअर हाट आइनन फेलर गेमाख्त!" नाही! त्यानं चूक केली!

ती पोरगी पांढरी पडली. मागच्या चार ओळी उठून उभ्या राहिल्या. सगळ्यांनी कॉकपिटच्या दाराकडे पाहिलं.

"माझा नवरा!" काकूंनी खुलासा केला. "अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा!"

"अच्छा," ती हवाई सुंदरी कपाळ पुसत म्हणाली. "माझा रोज करतो."

पण एका चुकीनं भागेना. नऊ मिनिटांनी सर पुन्हा शेवटाकडे आले आणि दीपस्तंभ तिथेच होता. मग सत्तावीस नव्वे दोनशे चौतीस झालं. काकूंनी झडप घातली. मग पुन्हा बे पासून. काकूंचं विमानाकडे लक्षच नव्हतं. त्या एक बोट वर धरून, मांजर बिळाशी बसतं तशा सरांच्या ओठांकडे बघत बसल्या होत्या. मध्ये विमान चांगलं दोनदा हिंदकळलं. "हलू नका हो," काकू विमानाला म्हणाल्या, "ऐकू येत नाही मला." एकदा त्यांची नजर खिडकीबाहेर गेली, खाली ढगच ढग. "ढग आहेत," त्या मला म्हणाल्या आणि परत वळल्या. "हं, तुम्ही पुढे म्हणा. अठरा सक?"

चुका करणं सरांना किती जड जात होतं, ते मी अगदी जवळून पाहिलं. त्यांच्याकडे चुकांचा साठाच नव्हता. चौथ्या खेपेला तर त्यांची अक्कल पार संपली आणि ते म्हणाले, "बावीस दुणे पन्नास."

काकूंचं बोट खाली आलं. "बावीस दुणे पन्नास?" त्यांनी सरांच्या कपाळाला हात लावला. नाडी पाहिली. "अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला? पाणी देऊ? घाबरू नका. मी आहे ना. विमानात होतं असं कधी कधी माणसाला." आणि त्यांनी सरांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "डोळे मिटा हवं तर. सावकाश म्हणा."

पाचवी चूक झाली आणि सहाव्यांदा बे पासून सुरुवात झाली. अठरा चोक बहात्तरला धाडकन चाक टेकलं. माझ्या घड्याळात चाळीस मिनिटं उशीर झाला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पट्टे सोडले, पिशव्या काढल्या. काकू हलेनात.

"काकू, पोहोचलो," मी म्हटलं.

"कळलं गं. यांचा पूर्ण होऊ दे. अर्धवट सोडायचा नसतो."

त्या बसून होत्या, म्हणून मी बसून होते. कडेला सर बसून म्हणत होते. रांगेत उभं राहिलेलं अख्खं विमान हळूहळू आमच्या शेजारून सरकत गेलं, आणि त्या समोरच्या बाईंनी जाता जाता सरांच्या खांद्यावर हात ठेवला. तीस दाहे तीनशे झालं तेव्हा आत फक्त आम्ही तिघं आणि झाडूवाला होतो.

काकू उतरल्या त्या विजयी सेनापतीसारख्या. पासपोर्ट तपासणाऱ्यालाही सांगितलं, नवरा पाच वेळा चुकला. मुलगी दारात पोट सांभाळत उभी होती. तिला मिठी मारायच्या आधी सांगितलं, "तुझे बाबा पाच वेळा चुकले! विमान अगदी अकराच परवच्यांत येणार होतं गं, पण यांचा अकरावा काही पूर्ण होईना!" मुलगी कधी आईकडे बघायची, कधी बाबांकडे. बाबा सामान मोजत होते.

मी त्यांना बाजूला गाठलं. "सर, विमान चाळीस मिनिटं घिरट्या..."

"विमानाचं मला माहीत नाही," ते तुटकपणे म्हणाले. "माझ्या पाच चुका झाल्या. तू साक्षीदार आहेस."

एर्लांगेनला परतल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी ओळखपत्रावरचा हिरवा स्टिकर नखानं खरवडून काढला. योखेन हळहळला. "काय बिघडलं?" त्यानं विचारलं. सर म्हणाले, "उपकरण वापरणाऱ्यानं ते मुद्दाम वाकवलं." योखेननं तसं प्रोटोकोलमध्ये लिहिलं, आणि चहा मात्र पूर्वीसारखाच दहाच्या पाढ्यापर्यंत मुरत राहिला.

बाळंतपण सुखरूप पार पडलं. नात झाली. काकू दोन महिने राहिल्या, आणि सर त्यांना आणायला गेले. येताना वारा पाठीवर होता, आकाश निरभ्र होतं, दहा परवच्यांत विमान फ्रँकफर्टला हजर. सरांची एकही चूक झाली नाही. मला वाटलं होतं सगळे खूश असतील. पण दुसऱ्या दिवशी काकूंचा चेहरा पडलेला. "मजा नाही आली," त्या म्हणाल्या. "एकदासुद्धा चुकले नाहीत. जाताना काय धमाल आली होती. पुन्हा कुठेतरी जायला हवं."

त्यानंतर काकू विमानानं जिथे म्हणाल तिथे निघायला लागल्या. व्हिएन्नाला गेल्या, लिस्बनला गेल्या, नातीला भेटायला डब्लिनला तर किती वेळा. कान टवकारून, बोट वर धरून. प्रत्येक उड्डाणात त्यांना निदान एक चूक मिळायची, आणि मग पुढचे चार दिवस एर्लांगेनमध्ये ती आम्हाला ऐकावी लागायची.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी प्रयोगशाळेमागच्या सायकलींच्या छपराकडे गेले. सर एकटेच बाकावर बसले होते, डोळे मिटून, मांडीवर ताल धरत. जवळ गेल्यावर ऐकू आलं.

"तेवीस सत्ते एकशे बासष्ट. तेवीस सत्ते एकशे बासष्ट. तेवीस सत्ते एकशे..." ते अडखळले, वैतागले, पुन्हा पहिल्यापासून लागले.

मला राहवलं नाही. "सर, एकसष्ट."

"माहितीये गं मला," ते डोळे न उघडता म्हणाले. "बसत नाही जिभेवर. गप्प बस जरा, शनिवारी रोमला जायचंय."